आज्ञेचा पत्ता

चंद्रपूर जिल्ह्यांतील पोंभुर्णा हें तालुक्याचें गांव. या तालुक्यांतील खेड्यांची यादी परगांवच्या मनुष्यानें प्रथमच हातीं घेतली, तर तो थोडा बुचकळ्यांत पडतो. एक देवाडा खुर्द, दुसरें देवाडा बुजरूक. एक ठाणेवासना, दुसरें चेक ठाणेवासना. बोर्डा बोरकर निराळें आणि बोर्डा झुल्लुरवार निराळें. 'देवाड्याला निरोप द्या' एवढेंच सांगून कोणी निरोप्या धाडला, तर निरोप पोंचेल खरा. पण तो कोणत्या देवाड्याला पोंचेल, हें दैवावर अवलंबून राहील. गांवच्या मनुष्याला ही अडचण फारशी भासत नाहीं. निरोप कोणाचा, कोणाच्या सोयऱ्याचा, आजारपणाचा कीं लग्नाचा, हें पाहून तो अर्धा पत्ता आपल्या मनानें पुरा करितो. पत्ता अपुरा असला तरी त्याची उणीव ओळखीनें भरून निघते.

ही जुनी अडचण आज एका अगदीं नव्या ठिकाणीं येऊन उभी राहिली आहे, आणि तेथें ओळखीचा उपयोग होत नाहीं. तें ठिकाण म्हणजे संगणक.

आजवर संगणकाला मनुष्य स्वतः आज्ञा देत असे. पडद्यावर जी खिडकी समोर उघडी असेल तिच्यावर त्याचा डोळा असे, आणि जेथें डोळा तेथें हात, अशी साधी व्यवस्था होती. कृत्रिम बुद्धीचीं जीं यंत्रें गेल्या कांहीं वर्षांत घरोघर पोंचलीं, तींहि प्रथम केवळ प्रश्नांचीं उत्तरें देत. आतां तीं कामेंहि करूं लागलीं आहेत. जमाखर्चाच्या वहींत नोंद करणें, पत्र लिहून पाठविणें, चित्रांत दुरुस्ती करणें, इतकेंच नव्हे तर दुसऱ्या आज्ञावलीला हुकूम सोडून तिच्याकडून काम उरकून घेणें, हें सारें त्यांना साधतें. अशा काम करणाऱ्या यंत्रबुद्धीला 'एजंट' असें म्हणतात. आपल्या जुन्या शब्दांत सांगावयाचें तर हा धन्याचा कारभारी होय. धनी म्हणतो, "या महिन्याचा जमाखर्च मांडून ठेव." कारभारी त्या एका वाक्याचे पंधरा-वीस लहान हुकूम बनवितो आणि ते एकामागून एक सोडतो. यांतील प्रत्येक हुकुमावर धन्याची नजर नसते. ती असावी लागली असती तर कारभारी ठेवण्याचें प्रयोजनच उरलें नसतें. म्हणूनच असा प्रश्न उद्भवतो कीं, हे हुकूम नेमके पोंचतात कोणाला?

प्रश्नाचें मर्म ध्यानांत येण्यासाठीं एक भेद आधीं स्पष्ट केला पाहिजे. आज्ञावलि ही एक गोष्ट आणि तिची चालती प्रत ही दुसरी गोष्ट. आगगाडीच्या उदाहरणानें हा भेद चांगला उमजतो. कोल्हापूरहून गोंदियाला जाणाऱ्या महाराष्ट्र एक्सप्रेसचा क्रमांक ११०३९ आहे, आणि गोंदियाहून कोल्हापूरकडे येणारीचा ११०४०. ही गाडी रोज सुटते आणि तिचा प्रवास एका अहोरात्राहून अधिक काळ चालतो. त्यामुळें आजची गाडी कोल्हापूर सोडीत असते त्या वेळीं कालची गाडी विदर्भांत धांवत असते. नांव तेंच, क्रमांकहि तोच, पण रुळांवर गाड्या मात्र दोन. "११०३९ आतां कोठें आहे?" या प्रश्नाला एकच उत्तर देतां येत नाहीं. "कोणत्या तारखेला सुटलेली?" असें आधीं विचारावें लागतें. वेळापत्रकांत छापलेली गाडी ही आज्ञावलि. अमुक तारखेला सुटून रुळांवरून धांवणारी गाडी ही तिची चालती प्रत. अपघात होतो तो नेहमीं रुळांवरच्या गाडीला, वेळापत्रकाला नव्हे. त्याचप्रमाणें कारभाऱ्याचा हुकूम भलतीकडे गेला तर नुकसान होतें तें एखाद्या चालत्या प्रतीचें आणि तिच्यांत सांठविलेल्या माहितीचें.

आतां अशी कल्पना करा कीं, एका दुकानदाराच्या संगणकावर जमाखर्चाची एकच आज्ञावलि दोन वेळां उघडलेली आहे. एका प्रतींत चालू वर्षाचा खरा हिशेब आहे. दुसरींत नव्या कारकुनाला शिकण्यासाठीं केलेली सरावाची वही आहे. दोन्हींचें रूप एक, नांव एक, कोष्टकेंहि तींच. दुकानदार कारभाऱ्याला म्हणतो, "वहींतल्या सर्व नोंदी पुसून टाक; उद्यां पुन्हां पहिल्यापासून शिकवूं." त्याच्या मनांत सरावाची वही आहे. कारभाऱ्याच्या पुढें मात्र 'वही' या एका शब्दाला उत्तर देणाऱ्या दोन वह्या आहेत. तो कोणती पुसणार? हा प्रश्न क्षुल्लक नाहीं, हें निराळें सांगावयास नको.

संगणकाच्या पोटांत चालत्या प्रती ओळखण्याची सोय मुळींच नाहीं, असें मात्र नव्हे. प्रत्येक चालत्या प्रतीला यंत्र एक क्रमांक देतें, त्यास प्रोसेस-क्रमांक म्हणतात. एकाच वेळीं दोन प्रतींना एक क्रमांक कधींच मिळत नाहीं. याखेरीज बाहेरून येणारे हुकूम ऐकण्यासाठीं एखादी प्रत एक दार उघडून बसते, त्या दाराला पोर्ट म्हणतात. अशा दारांना ० पासून ६५,५३५ पर्यंत क्रमांक असतात, आणि एका पत्त्यावरच्या एका दाराशीं सामान्यतः एकच प्रत कान देऊन बसूं शकते. म्हणजे संगणकाचा पत्ता हा वाड्याचा पत्ता, पोर्ट हें त्या वाड्यांतील खोलीचें दार, आणि प्रोसेस-क्रमांक हा खोलींत या घटकेला राहणाऱ्या बिऱ्हाडाचा क्रमांक, असें म्हणतां येईल.

परंतु या क्रमांकांत एक गोम आहे. ते कायमचे नसतात. प्रत बंद होऊन पुन्हां उघडली कीं तिला नवा प्रोसेस-क्रमांक मिळतो, आणि जुना क्रमांक कालांतरानें दुसऱ्याच एखाद्या प्रतीच्या वांट्याला जातो. दाराचेंहि तसेंच. पहिलें बिऱ्हाड उठून गेलें कीं त्याच खोलींत दुसरें येऊन राहतें. सकाळीं टिपून ठेवलेला क्रमांक दुपारीं वापरणारा कारभारी हा जुन्या भाडेकरूचें पत्र नव्या भाडेकरूच्या हातांत देणाऱ्या निरोप्यासारखा होय. दार बरोबर असतें. मनुष्य मात्र निराळा असतो.

नांवावर विसंबावें, तर नांवेंहि बदलतात. जुन्या कागदपत्रांतील चांदा जिल्हा १९६४ च्या सुमारास चंद्रपूर झाला, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्यांतूनच गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. 'चांदा जिल्हा' असा उल्लेख असलेला जुना कागद पाहून तेथील गांव आज चंद्रपुरांत शोधावें कीं गडचिरोलींत, हें केवळ नांवावरून सांगतां येणार नाहीं. म्हणून अक्षय ओळख हवी असेल तर ती नांवाहून वेगळी आणि जागेहूनहि वेगळी अशी द्यावी लागते. २०११ च्या जनगणनेंत खेड्यांना सहा अंकी सांकेतिक क्रमांक देण्यांत आले, त्यांच्या मुळाशीं हीच दृष्टि आहे. दोन देवाड्यांत मनुष्याचा घोटाळा होईल. क्रमांकाचा होणार नाहीं.

कारभारी आणि आज्ञावलि यांच्यांत बोलणें कसें चालतें, हेंहि थोडक्यांत पाहिलें पाहिजे. अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नांवाचा एक खुला संकेत प्रसिद्ध केला. कोणत्याहि कारभाऱ्यानें कोणत्याहि आज्ञावलीशीं एका ठराविक रीतीनें बोलावें, यासाठीं तो आहे. त्यांत दळणवळणाच्या दोन मुख्य रीति आहेत. पहिलींत कारभाऱ्याच्या बाजूनें एक मदतनीस आज्ञावलि स्वतःच सुरू केली जाते आणि तिच्याशीं जणूं एका खासगी नळींतून बोलणें होतें. त्या नळीच्या दुसऱ्या टोंकाला तिसरा कोणी असूं शकत नाहीं. दुसऱ्या रीतींत मदतनीस आधींपासूनच चालू असतो आणि पुष्कळ कारभारी त्याच्याकडे जाळ्यावरून येतात. अशा वेळीं तो प्रत्येक संभाषणाला एक बैठक-क्रमांक देऊं शकतो, आणि मग पुढच्या प्रत्येक हुकुमाबरोबर तो क्रमांक धाडावा लागतो. शिवाय ज्या हुकुमाचें उत्तर हवें असेल त्याला त्याचा स्वतःचा क्रमांक असतो, आणि उत्तरावर तोच क्रमांक परत येतो.

एवढी व्यवस्था असतां घोटाळा कसा होईल, असें कोणी विचारील. याचें उत्तर असें कीं, उत्तरावरचा क्रमांक 'कोणत्या हुकुमाचें हें उत्तर' एवढेंच सांगतो. 'तो हुकूम योग्य ठिकाणीं गेला होता काय' हें सांगत नाहीं. खासगी नळीनेंहि प्रश्न पुरा मिटत नाहीं. नळी मदतनिसापर्यंत बिनचूक जाते. परंतु त्या मदतनिसाच्या पलीकडे जमाखर्चाच्या दोन प्रती उघड्या असतील, तर त्यांपैकीं एकीची निवड त्याला करावीच लागते. टपालाची थैली पोंभुर्ण्याला बरोबर उतरली, म्हणून पत्र योग्य देवाड्यालाच जाईल असें ठरत नाहीं. पत्त्याची चूक बहुधा शेवटच्या कोसांतच होते.

या शेवटच्या कोसांत तीन प्रकारांनीं वाट चुकते. पहिला प्रकार मुकाट्यानें केलेल्या निवडीचा. हुकुमांत प्रतीचा उल्लेख नसला म्हणजे मदतनीस जी प्रत प्रथम सांपडेल ती, किंवा जी शेवटीं वापरली गेली ती, आपल्या मनानें धरून चालतो. एकच प्रत उघडी असेपर्यंत ही रीत सोयीची वाटते. दुसरी प्रत उघडतांच तीच रीत घातक होते, आणि कालपर्यंत काम बिनचूक झालेलें असल्यामुळें कोणाच्या मनांत शंकाहि येत नाहीं. दुसरा प्रकार शिळ्या पत्त्याचा. त्याचें वर्णन वर आलेंच आहे. तिसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. समोर असलेल्या खिडकीलाच हुकूम द्यावयाचा, असा नियम असेल, तर कारभारी हुकूम सोडण्याच्या तयारींत असतां धनी सहज दुसरी खिडकी पुढें आणतो आणि हुकूम तिच्यावर जाऊन पडतो. निवड आणि कृति यांच्यामध्यें जो क्षण जातो, त्या क्षणांत जग बदललेलें असतें.

ही केवळ कल्पनेची भीति नव्हे. कृत्रिम बुद्धीचे कारभारी येण्यापूर्वींच मनुष्याच्या हातून अशी चूक घडलेली आहे, आणि ती ज्या संस्थेंत घडली तिनेंच ती प्रांजळपणें जगापुढें मांडली आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं गिटलॅब या संस्थेंत माहितीच्या दोन यंत्रांपैकीं दुय्यम यंत्र मागें पडलें होतें. त्यांतील माहितीचें दप्तर पुसून तें पुन्हां मुख्य यंत्रावरून भरून घ्यावें, असा एका अभियंत्याचा विचार होता. पुसण्याची आज्ञा त्यानें दिली. पण ती दुय्यम यंत्राऐवजीं मुख्य यंत्रावर दिली गेली. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानांत येऊन त्यानें ती थांबविली. तेवढ्या अवधींत सुमारे ३०० गिगाबाइट माहितीपैकीं साडेचार गिगाबाइट काय ती उरली. राखून ठेवलेल्या प्रतींपैकीं अनेक ऐन वेळीं निरुपयोगी ठरल्या. शेवटीं सुमारे सहा तासांपूर्वींच्या एका प्रतीवरून काम सावरलें, आणि मधल्या काळांतील सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० शेरे व ७०० नवीं खातीं यांना झळ लागली. आज्ञा शुद्ध होती, हेतु शुद्ध होता. चुकला होता तो फक्त पत्ता. पुढें जे उपाय योजिले गेले त्यांत एक अगदीं साधा होता. आज्ञा लिहिण्याच्या जागेवरच यंत्राची ओळख अशी ठळक दिसावी कीं, आपण कोठें उभे आहों याविषयीं संशय राहूं नये.

दुसरें उदाहरण जुलै २०२५ मधील आहे, आणि तेथें हात मनुष्याचा नव्हता. रेप्लिट या सेवेवर काम करणाऱ्या यंत्र-कारभाऱ्यानें, कांहींएक बदल करूं नको अशी ताकीद असतांहि, एका व्यावसायिकाचें खऱ्या माहितीचें कोठार पुसून टाकलें. गेलेली माहिती परत आणतां येणार नाहीं, असेंहि त्यानें सांगितलें. परंतु ती पुढें परत मिळाली. या प्रकरणीं संस्थेच्या प्रमुखांनीं दिलगिरी प्रदर्शित केली, आणि कामाच्या बांधणीचें कोठार व खरें कोठार हीं आपोआप निराळीं ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली. येथें ताकीद होती, पण भिंत नव्हती. जेथें भिंत पाहिजे तेथें ताकीद पुरत नाहीं, हा धडा यंत्रापुरताच आहे असेंहि नाहीं.

उपाय शोधतांना आपल्याच देशांतील एका मोठ्या पत्ता-पद्धतीचें स्मरण होतें. एका नांवाचीं अनेक गांवें, अनेक लिपि आणि अनेक भाषा, यांमुळें टपालाची फार ओढाताण होई. केंद्रीय दळणवळण मंत्रालयांतील अधिकारी व संस्कृतचे कवि श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं योजिलेली पिनकोडाची पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. चंद्रपूरचा पिनकोड ४४२४०१ आहे. यांतील पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो, पहिले तीन मिळून टपाल निवडण्याचा जिल्हा दाखवितात, आणि शेवटचे तीन नेमकें टपालघर दाखवितात. या रचनेंत दोन गुण आहेत. एक, पत्ता पायरीपायरीनें अरुंद होत जातो. दुसरा, गांवाचें नांव आणि अंक यांचा मेळ बसला नाहीं तर चूक तेथेंच उघडी पडते. यंत्र-कारभाऱ्याच्या हुकुमालाहि हेच दोन गुण हवे आहेत: कोणतें यंत्र, कोणती आज्ञावलि, तिची कोणती चालती प्रत आणि तींत कोणती वही, ही पायरी, आणि नांव व क्रमांक या दोहोंचा मेळ.

यावरून चांगल्या व्यवस्थेचे नियम सहज निघतात. कारभाऱ्यानें काम आरंभण्यापूर्वीं चालू असलेल्या सर्व प्रतींची यादी मागवावी. यादींत एकच प्रत असेल तर पुढें जावें. एकाहून अधिक असतील आणि धन्यानें स्पष्ट सांगितलें नसेल, तर अंदाज न करितां थांबून विचारावें. एकदां प्रत ठरली कीं तिची ओळख प्रत्येक हुकुमाबरोबर पाठवावी. 'मघांचीच ती' अशा बोलीवर राहूं नये. हुकूम घेणाऱ्या प्रतीनेंहि आपली ओळख उत्तरांत परत सांगावी, म्हणजे पत्त्याची पावती मिळते. मधल्या काळांत ती प्रत बंद झाली असेल, तर हुकूम दुसरीकडे न वळवितां तो परत यावा. मालक न सांपडल्यास पत्र शेजाऱ्याला न देतां परत पाठविणें, ही टपालाची जुनी शिस्त येथेंहि तितकीच योग्य आहे. आणि सर्वांत महत्त्वाचें असें कीं, खऱ्या वहीची किल्ली व सरावाच्या वहीची किल्ली एक असूं नये. सरावाचें काम करणाऱ्या कारभाऱ्याजवळ खऱ्या वहीची किल्लीच नसली, तर पत्ता चुकला तरी दार उघडणार नाहीं.

घरगुती वापर करणाऱ्यांनींहि यांतून कांहीं घेण्याजोगें आहे. कारभाऱ्याला काम सांगतांना 'ती वही', 'तें चित्र', 'तो फोटो' अशीं सर्वनामें टाळून पूर्ण नांव घ्यावें. खऱ्या आणि सरावाच्या प्रतींना निराळीं नांवें द्यावींत, आणि शक्य तर निराळा रंगहि द्यावा. पुसणें, पाठविणें व पैसे देणें, या तीन कामांपूर्वीं कारभाऱ्यानें "अमुक ठिकाणीं अमुक करीत आहें; करूं काय?" असें विचारावें, हा नियम घालून द्यावा, आणि प्रत्येक वेळीं तो प्रश्न वाचून मगच होकार द्यावा. न वाचतां दिलेला होकार हा कोऱ्या कागदावर केलेल्या सहीसारखा आहे.

मनुष्य-निरोप्या आणि यंत्र-निरोप्या यांच्यांत एक मोठें अंतर आहे. देवाड्याच्या फांट्यावर उभा असलेला मनुष्य-निरोप्या घुटमळतो, इकडे-तिकडे पाहतो, भेटेल त्याला विचारतो. हें घुटमळणें म्हणजे आळस नव्हे. आपल्याला पुरें ठाऊक नाहीं, याची ती जाणीव आहे. यंत्र-निरोप्या फांट्यावर बहुधा घुटमळत नाहीं. चुकीच्या वाटेनेंहि तो योग्य वाटेइतक्याच वेगानें आणि तितक्याच आत्मविश्वासानें जातो, आणि "काम झालें" असा निरोपहि तितक्याच नम्रपणें आणून देतो. म्हणून फांट्यावरचें तें घुटमळणें आतां आपल्यालाच नियमरूपानें त्याच्यांत घालावें लागणार आहे. पोंभुर्ण्याच्या बाजूच्या जुन्या लोकांनीं एका देवाड्यामागें खुर्द आणि दुसऱ्यामागें बुजरूक असा शब्द जोडला, तेव्हां त्यांनीं केलें तें एवढेंच: निरोप सुटण्याआधीं फांट्यावर पाटी लावून ठेवली.